अर्बुदातील पहारेकरी

मनुष्याच्या तोंडात, जिभेवर अथवा घशात एखादी गाठ किंवा न भरणारे क्षत उद्भवले म्हणजे त्याच्या घरी दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. ही गाठ कसली, हा पहिला. आणि यातून माणूस उठेल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शक यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देत आले आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र वैद्यकाने फार काळ केवळ गाठीकडेच पाहिले. ती केवढी आहे, किती खोल गेली आहे, गळ्यातील ग्रंथींपर्यंत पोहोचली आहे की नाही, एवढ्याच गोष्टी तो मोजीत राहिला. परंतु ज्या काचपट्टीवर गाठीच्या पेशी दिसत, त्याच काचपट्टीवर रोग्याच्या स्वतःच्या रक्तातून आलेल्या लहान, गोल, पांढऱ्या पेशींचे थवेही पुष्कळदा दिसत असत. त्या तेथे कशासाठी आल्या, या प्रश्नाचा उलगडा होण्यास जवळजवळ दीड शतक लागले. तो कसा झाला, हा इतिहास केवळ वैद्यांनीच जाणावा असा नाही; कारण रोग्यास आशा द्यावी की नाही, आणि द्यावी तर किती, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

काचपट्टीच्या साक्षीवर किती मोठ्या गोष्टी अवलंबून असतात याचे एक विख्यात उदाहरण इ. स. १८८७ मध्ये घडले. त्या वर्षीच्या जानेवारीत जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज घोगरा झाला. बर्लिनच्या बेर्गमान प्रभृती वैद्यांस स्वरयंत्रात कर्करोग असल्याचा संशय आला व मे महिन्यात त्यांनी शस्त्रक्रियेची सिद्धता केली. तत्पूर्वी मोरेल मॅकेन्झी या इंग्रज तज्ज्ञास पाचारण करण्यात आले. त्याने गाठीचे तुकडे काढून ते रुडॉल्फ फिर्शो याजकडे तपासणीस दिले. फिर्शो म्हणजे त्या काळचा रोगविकृतिशास्त्राचा सर्वश्रेष्ठ आचार्य. त्यास त्या तुकड्यांत कर्करोगाचा पुरावा आढळला नाही, आणि शस्त्रक्रिया राहिली. नोव्हेंबरात रोगाचे खरे स्वरूप उघड झाले. १८८८ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला आणि अवघ्या ९९ दिवसांनी, १५ जून रोजी, निवर्तला. दोष कोणाचा याविषयी पुढे बरेच वाद झाले. एक धडा मात्र निर्विवाद राहिला. काचपट्टी जे सांगते ते ज्या जागेचा तुकडा कापला त्या जागेपुरतेच सांगते.

याच फिर्शोने चोवीस वर्षांपूर्वी, १८६३ साली, अर्बुदांत पांढऱ्या पेशी सापडतात या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. त्याने त्यांचा अर्थ लावला तो असा : ज्या जागी दीर्घकाळ दाह होत राहतो तेथे अर्बुदे उद्भवतात, आणि या पेशी त्या जुन्या दाहाची खूण होत. या मतात तथ्य नव्हते असे नाही. तंबाखू व चुना गालात धरून ठेवल्याने जो दाह वर्षानुवर्षे चालतो त्याचा परिणाम पुढे काय होतो, हे आपल्या देशात वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु या अर्थाने पाहिले म्हणजे पांढऱ्या पेशी आगीनंतर उरलेल्या धुरासारख्या ठरतात. त्या आग विझविण्यास आल्या असतील, ही कल्पना त्यात बसत नव्हती.

ती कल्पना दुसऱ्या वाटेने आली. फिर्शोचाच शिष्य कोनहाइम याने १८६७ साली दाखवून दिले की, दाह झालेल्या जागी दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडून तेथे येतात. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ याने ताऱ्याच्या आकाराच्या एका समुद्री जीवाच्या पारदर्शक पिलात काटा टोचला, आणि फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. शरीरात परक्याला वेढून गिळणारे भक्षक आहेत, हा सिद्धांत त्यातून निघाला. १९०८ साली मेचनिकॉफ व जर्मन शास्त्रज्ञ एर्लिश यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आणि दुसऱ्याच वर्षी एर्लिशने असे मत मांडले की, शरीराची प्रतिकारशक्ती नसती तर कर्करोग आज दिसतो त्याहून कितीतरी अधिक आढळला असता. हे अनुमान होते, पुरावा नव्हता.

पुराव्यासारखे जे काही होते ते न्यूयॉर्कमधील विल्यम कोले या तरुण शस्त्रवैद्याच्या हाती लागले, आणि योगायोग असा की तेही गळ्याच्याच गाठींच्या रूपाने. एका तरुण रोग्याच्या मृत्यूने अस्वस्थ होऊन कोलेने रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली. त्यांत त्यास एका माणसाची हकीकत सापडली. त्याच्या मानेतील गाठ शस्त्रक्रिया करूनही पुनःपुन्हा वाढत होती. अखेर त्यास धावरे, म्हणजेच विसर्प, हा तापाचा रोग झाला आणि त्यात गाठ विरून गेली. कोलेने त्या माणसाचा शोध घेतला, तेव्हा सात वर्षांनंतरही तो धडधाकट होता. १८९१ साली कोलेने मानेत व टॉन्सिलमध्ये अर्बुद असलेल्या दुसऱ्या एका रोग्यास धावऱ्याचे जंतू मुद्दाम टोचले. रोग्यास जबरदस्त ताप आला. परंतु गाठी ओसरल्या आणि तो पुढे काही वर्षे जगला. या गाठी बहुतांशी मांसल ऊतींच्या होत्या. तोंडाच्या अस्तरापासून होणारा नेहमीचा कर्करोग निराळा. शिवाय कोलेचे यश अनियमित होते. कोणास गुण येई, कोणास येत नसे, आणि का ते सांगता येत नसे. क्ष-किरण व रेडियम यांचे युग सुरू झाले आणि कोलेची पद्धत मागे पडली. प्रश्न मात्र मागे उरला. गाठ विरविली ती जंतूंनी की रोग्याच्या स्वतःच्या देहाने?

शस्त्रवैद्य या काळात उलट दिशेने जात होते. १९०६ साली अमेरिकन शस्त्रवैद्य जॉर्ज क्राइल याने १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून एक पद्धती प्रसिद्ध केली. डोके व मान यांचा कर्करोग प्रथम गळ्यातील लसिकाग्रंथींत पसरतो. म्हणून मूळ गाठीबरोबर त्या साऱ्या ग्रंथी सलग काढून टाकाव्या, असे त्याचे प्रतिपादन होते. या पद्धतीने असंख्य रोग्यांचे प्राण वाचले आहेत, आणि सौम्य स्वरूपात ती आजही रूढ आहे. परंतु ग्रंथी म्हणजे शत्रूच्या वाटेवरील ठाणी, एवढाच विचार त्यात होता. तीच ठाणी स्वकीयांच्या शिक्षणशाळा आहेत, हे त्या काळी कोणास ठाऊक असणे शक्य नव्हते.

१९२० च्या सुमारास अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये दोन निरीक्षणे जवळजवळ एकाच वेळी झाली, आणि त्यांचे नशीब अगदी भिन्न ठरले. ब्रॉडर्स याने ओठाच्या कर्करोगाच्या ५३७ रोग्यांचा अभ्यास करून १९२० साली दाखविले की, गाठीच्या पेशी मूळ निरोगी पेशींपासून जितक्या दूर गेलेल्या, तितके रोग्याचे भवितव्य वाईट. त्याने गाठींच्या चार प्रती पाडल्या, आणि ही प्रतवारी जगभर स्वीकारली गेली. मॅकार्टी याने १९२२ साली शस्त्रक्रियेनंतर रोगी किती काळ जगले याचा विचार करताना गाठीच्या पेशींबरोबर आणखी एक गोष्ट तपासली. ती म्हणजे गाठीत शिरलेल्या लसिकापेशी. या लहान गोल पेशींची गर्दी जेथे अधिक, तेथे आयुष्यही अधिक, असे त्यास आढळले. हे निरीक्षण बरोबर होते. तथापि ते बाजूला पडले. कारण लसिकापेशी करतात तरी काय, हेच कोणास सांगता येत नव्हते. रॉकफेलर संस्थेत जेम्स मर्फी उंदरांवर प्रयोग करून या पेशींचा अर्बुदाशी झगडा असल्याचे दाखवीत होता. परंतु पुष्कळ विद्वानांच्या मते त्या निरुपयोगी, आयुष्य संपत आलेल्या पेशी होत्या. ज्या साक्षीदाराची ओळखच पटलेली नाही त्याची साक्ष कोण मानणार?

हिंदुस्थानात या रोगाचा शास्त्रीय अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो मुंबईत. १९४१ च्या फेब्रुवारीत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, आणि तेथील रोगविकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १९४४ साली खानोलकरांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रोग्यांचा आढावा अमेरिकेतील 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा रोग येथे एवढा का होतो आणि तोंडातील विशिष्ट जागीच का होतो, याचे उत्तर त्यांनी लोकांच्या तंबाखू व पानसुपारीच्या सवयींत शोधले. कारणाचा हा शोध अमोल होता. भवितव्याचा प्रश्न मात्र जगात सर्वत्र तसाच पडून होता.

त्यास चालना मिळाली १९५० नंतरच्या दशकात. इंग्लंडमध्ये जेम्स गोवन्स याने दाखविले की, लसिकापेशी रक्तातून ग्रंथींत, ग्रंथींतून लसिकेत आणि पुन्हा रक्तात अशा सतत फिरत असतात. गस्त घालतात म्हटले तरी चालेल. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर याने नवजात उंदरांच्या छातीतील थायमस ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते उंदीर परकी कातडी ओळखून झिडकारण्यास असमर्थ ठरले. थायमसमध्ये तयार होणाऱ्या या पेशींना पुढे 'टी' पेशी असे नाव पडले. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बर्नेट याने १९५७ साली एर्लिशच्या जुन्या अनुमानास नवे रूप दिले होते. शरीरात कर्कपेशी वारंवार उत्पन्न होतात, आणि गस्तीवरील पेशी त्यांना वेळीच टिपून काढतात, असे त्याचे म्हणणे होते.

तथापि शास्त्रात सुंदर कल्पनेलाही परीक्षा चुकत नाही. १९७४ साली स्टुटमन याने थायमस नसलेल्या उंदरांना कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य टोचले. निरोगी उंदरांपेक्षा त्यांना अधिक गाठी झाल्या नाहीत. बर्नेटचा सिद्धांत पुष्कळांनी सोडून दिला. त्या उंदरांतही प्रतिकारशक्ती सर्वस्वी नष्ट झालेली नव्हती, हे कळण्यास आणि अधिक नेमके प्रयोग होण्यास पाव शतक गेले. २००१ साली रॉबर्ट श्रायबर व त्यांचे सहकारी यांनी लसिकापेशी मुळीच नसलेल्या उंदरांत अर्बुदे अधिक होतात हे सिद्ध केले. आणि त्याहून मोठी गोष्ट दाखविली. निरोगी उंदरांत जी गाठ वाढते ती पहारा चुकवून वाढलेली असते. अर्थात पहारेकरी गाठीला नुसते मारीत नाहीत. जी मरत नाही तिला ते नकळत निबर करून सोडतात.

दरम्यान साक्षीदारांची ओळख पटविण्याचे साधन हाती आले होते. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिद्रव्ये हवी तितकी तयार करण्याची युक्ती शोधली. तिच्या साह्याने काचपट्टीवरील एकसारख्या दिसणाऱ्या गोल पेशी निरनिराळ्या रंगांत ओळखता येऊ लागल्या. कर्कपेशींना प्रत्यक्ष मारणाऱ्या पेशी, मदत करणाऱ्या पेशी, लढाई आवरती घेणाऱ्या नियामक पेशी आणि भक्षक पेशी अशी त्यांची जातवारी झाली. मॅकार्टीने ज्यांना एकच गर्दी म्हणून मोजले होते, त्या गर्दीतील माणसे वेगळी दिसू लागली.

डोके व मान यांच्या कर्करोगात या अभ्यासाने दोन अनपेक्षित गोष्टी पुढे आणल्या. पहिली १९९८ सालची. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे थेरेसा व्हाइटसाइड व त्यांचे सहकारी यांनी मुखकर्काच्या गाठीतील 'टी' पेशी तपासल्या. या पेशींच्या अंगी शत्रूची खबर आत पोहोचविणारा एक रेणू असतो. तो ज्या रोग्यांच्या पेशींत नाहीसा झालेला अथवा क्षीण झालेला होता, ते रोगी कमी जगले. तात्पर्य, पहारेकरी हजर आहेत एवढ्याने भागत नाही. त्यांच्या हाती शस्त्र आहे की नाही हे पाहावे लागते. दुसरी गोष्ट २००६ सालची. पॅरिसमधील संशोधकांना या गाठींत नियामक पेशी अधिक असलेल्या रोग्यांत रोग मूळ जागी अधिक आटोक्यात राहिलेला आढळला. या पेशी लढाई थांबवितात, म्हणून त्या घातक असणार, असा सर्वांचा तर्क होता. तो येथे उलटला. त्याच वर्षी फ्रान्समध्येच जेरोम गालों याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवून दिले की, लसिकापेशींची जात, दाटी आणि जागा या तिन्ही गोष्टी मिळून रोग्याचे भवितव्य सांगतात. गाठीच्या गाभ्यात पोहोचलेली पेशी आणि गाठीच्या वेशीवर अडून राहिलेली पेशी यांची किंमत सारखी नसते.

याच सुमारास घशाच्या कर्करोगाचे स्वरूप पाश्चात्त्य देशांत बदलत होते. टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील काही कर्करोग तंबाखूमुळे नव्हे, तर पॅपिलोमा जातीच्या विषाणूमुळे होतात, ही गोष्ट २००० सालच्या संशोधनाने दृढ झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात घशाच्या विषाणुजन्य कर्करोगाचे ८२.४ टक्के रोगी तीन वर्षांनी हयात होते. विषाणू नसलेल्यांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. विषाणूने झालेला रोग सौम्य का? एक कारण असे की, विषाणूची प्रथिने शरीरास सर्वस्वी परकी असतात, म्हणून अशा गाठींत 'टी' पेशी मोठ्या संख्येने शिरतात. २०१४ साली इंग्लंडमधील एका अभ्यासाने हा दुवा स्पष्ट केला. विषाणुजन्य रोग असून गाठीत लसिकापेशींची दाटी असलेल्या रोग्यांपैकी ९६ टक्के तीन वर्षांनी हयात होते. विषाणुजन्य रोग असूनही ज्यांच्या गाठीत या पेशी विरळ होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के, म्हणजे विषाणू नसलेल्या रोग्यांच्या जवळपास होते. नव्वद वर्षांपूर्वी मॅकार्टीने जे पाहिले होते, ते आता घशाच्या रोगातही आकड्यांनिशी उभे राहिले.

साक्षीदार ओळखता आला. आता त्यास लढावयास लावता येईल काय, हा प्रश्न होता. १९९२ साली जपानमधील क्योतो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत 'टी' पेशींवरील 'पीडी-१' नावाचा एक रेणू सापडला. तो या पेशींचा लगाम आहे असे पुढे कळले, आणि कर्कपेशी हाच लगाम ओढून त्यांना थोपवितात हेही उमगले. दुसऱ्या एका लगामावर अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी काम केले होते. या दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम सोडविणाऱ्या निव्होलुमॅब या औषधाची परीक्षा, अन्य औषधांना न जुमानणाऱ्या डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ३६१ रोग्यांवर घेण्यात आली व तिचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर हयात राहणाऱ्यांचे प्रमाण १६.६ वरून ३६ टक्क्यांवर गेले. पुढे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७१४ रोग्यांच्या परीक्षेत याच वर्गातील पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध शस्त्रक्रियेच्या आधीपासून, म्हणजे गाठ व ग्रंथी जागेवर असतानाच, देण्यात आले. तीन वर्षांपर्यंत रोग न उलटलेल्यांचे प्रमाण त्यायोगे ४६.४ वरून ५७.६ टक्क्यांवर गेले. क्राइलने काढावयास सांगितलेल्या ग्रंथींना, त्या काढण्यापूर्वी, आपले काम करण्याची संधी मिळाली, असे याचे मर्म सांगता येईल.

परंतु औषध असणे आणि ते परवडणे यांत मोठे अंतर आहे. ओठ व तोंड यांचा कर्करोग भारतात २०२२ या एकाच वर्षी १,४०,००० हून अधिक लोकांस झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे, आणि त्यांपैकी फारच थोड्यांस हे महागडे औषध पूर्ण मात्रेत घेता येते. या अडचणीवर टाटा मेमोरियलच्याच वैद्यांनी उपाय शोधला. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम असताना त्यांनी दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, तोंडाने घेण्याच्या स्वस्त औषधांच्या जोडीस दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या १५१ रोग्यांच्या परीक्षेत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. खानोलकरांनी ज्या रुग्णालयात हजार रोग्यांची मोजदाद केली, तेथेच गरिबाला पेलेल अशा मात्रेचा हा विचार झाला, हे उचितच होय.

एवढे असूनही या पेशींच्या गणतीस पंचांगाचे स्वरूप देणे योग्य होणार नाही. रोगाची अवस्था ठरविण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत २०१८ पासून घशाच्या विषाणुजन्य कर्करोगास स्वतंत्र कोष्टक मिळाले. परंतु त्या कोष्टकात लसिकापेशींच्या संख्येस स्थान नव्हते. याचे कारण उघड आहे. कोणती जात मोजावी, गाठीच्या कोणत्या भागात मोजावी, किती म्हणजे दाट समजावे, याविषयी एकवाक्यता व्हावी लागते. आणि गाठीच्या एका कोपऱ्याचा तुकडा साऱ्या गाठीची हकीकत सांगत नाही, ही जर्मन युवराजाच्या वेळची अडचण आजही संपूर्ण दूर झालेली नाही.

शेकडा ९६ वा शेकडा ५९ हे आकडे रोग्यांच्या समूहाचे असतात. समोर बसलेला रोगी त्या शंभरांतील कितवा, हे काचपट्टी सांगू शकत नाही. त्यास मिळावयाचे उपचार, त्याने सोडलेली तंबाखू आणि त्याचे एकंदर आरोग्य यांचाही त्या हिशेबात वाटा असतो. म्हणून विवेकी वैद्य गाठीत पेशी विरळ दिसल्या तरी आशा सोडण्यास सांगत नाही, आणि दाट दिसल्या तरी शस्त्रक्रिया वा किरणोपचार टाळण्यास सांगत नाही. फिर्शोच्या काळी जी रोगाची खूण वाटली ती रोग्याच्याच देहाची धडपड होती, हे समजण्यास दीड शतक लागले. आता घरातील माणसाच्या तपासणीचा कागद हाती आला म्हणजे त्यात गाठीचेच नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या प्रतिकाराचेही वर्तमान असू शकते, आणि ते वैद्यास विचारण्याजोगे आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.